हुबेहूब नकला, मॉडिंग आणि देवाणघेवाण: तबकडीवर कोणाचे नाव असावे?

तिसरा काटा (धागाकर्ता)

हुबेहूब नकलांचा विषय निघाला की घड्याळांच्या शौकिनांत दोन तट पडतात. एका तटाला ती उघड चोरी वाटते. दुसऱ्याला, ज्या वस्तूची मूळ प्रत कधी परवडणार नाही तिचा घाट निदान मनगटावर बाळगण्याचा तो निरुपद्रवी मार्ग वाटतो. माझे म्हणणे यापेक्षा मर्यादित आहे. घड्याळ उघडणे, त्याचे भाग बदलणे, ते पुन्हा जुळवणे आणि जुळवलेले घड्याळ दुसऱ्या शौकिनाला देऊन त्याच्याकडचे घेणे, या सगळ्यातल्या आनंदासाठी तबकडीवर परक्याचे नाव छापण्याची गरज नसते. आणि एकदा ते छापले की त्या घड्याळाविषयी खरे बोलणे दर हस्तांतराबरोबर अवघड होत जाते.

नक्कल हा आजचा रोग नव्हे. अठराव्या शतकात नामांकित इंग्रज कारागिरांची नावे कोरलेली खिशातली घड्याळे इंग्लंडबाहेर सर्रास तयार होत असत. अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या घड्याळांच्या नकला इतक्या वाढल्या की १७९५च्या सुमारास त्यांनी तबकडीवर पँटोग्राफने (मोठी आकृती लहान करून कोरणाऱ्या साधनाने) एक अतिसूक्ष्म गुप्त स्वाक्षरी कोरायला सुरुवात केली. ती तिरप्या उजेडातच दिसते. त्या स्वाक्षरीचीही पुढे नक्कल झालीच, पण तो वेगळा विषय आहे.

रूप उसने घेणे आणि नाव उसने घेणे यांत मी फरक करतो. रोलेक्सची सबमरीनर आणि ब्लाँपॅनची फिफ्टी फॅदम्स या दोन्ही घड्याळांचा जन्म १९५३चा. काळी तबकडी, ठळक चमकणाऱ्या खुणा आणि फिरणारे बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, हे त्यांचे रूप पुढे असंख्य कंपन्यांनी उचलले आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळाचे ते जवळजवळ सर्वमान्य रूप झाले. इन्व्हिक्टाचे ८९२६ हे घड्याळ सबमरीनरसारखे दिसते हे कोणीही सांगेल, पण त्याच्या तबकडीवर इन्व्हिक्टा असेच लिहिलेले असते आणि आत सेइको समूहाचे एनएच३५ मशीन असते. ज्याला ते उसने रूप आवडत नाही त्याने नाक मुरडावे. फसवणूक मात्र तिथे होत नाही.

मॉडिंगचा, म्हणजे भाग बदलून घड्याळ आपल्या मनासारखे करण्याचा, संसार सेइकोभोवती उभा राहिला त्याला कारणे आहेत. एसकेएक्स००७ हे घड्याळ १९९६ ते २०१९ या काळात बनत होते. ते दणकट होते, सहज मिळत असे, आणि त्याची तबकडी, काटे, काच, बेझल यांची मापे ठरलेली होती. त्यातल्या ७एस२६ मशीनला चावीने (बाजूच्या खुंटीने) हाताने पिळ देता येत नसे आणि चावी ओढली तरी सेकंदाचा काटा थांबत नसे. एनएच३५ने या दोन्ही उणिवा दूर केल्या आणि ते त्याच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, बसू शकत होते. २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण पिळ दिल्यावर सुमारे ४१ तासांची चाल, आणि २८.५ मिलिमीटरची तबकडी. ही मापे पाळून काटे, तबकड्या, चॅप्टर रिंग (तबकडीभोवतीची खुणांची कडी), नीलमणी काचा बनवणारे शेकडो लहान पुरवठादार पुढे आले. एका मशीनवर इतकी विविधता उभी राहू शकते, तर रोलेक्सच्या मुकुटाचे चिन्ह तबकडीवर हवेच कशाला, हा माझा प्रश्न आहे.

नकलांचा संग्रह करणाऱ्यांनीही येथे मोकळेपणाने लिहावे. फक्त माल कोठून मागवावा, कोणत्या कारखान्याची प्रत पकडली जात नाही, ही चर्चा या धाग्यात नको.

ओबडधोबड

मोकळेपणाने लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझ्याकडे नकला आहेत, आणि मी त्या कोणालाही विकलेल्या नाहीत. विचारणाऱ्याला मी आपण होऊन सांगतो की ही नक्कल आहे. ज्या कंपनीचे घड्याळ मी जन्मात विकत घेणार नव्हतो तिचे माझ्यामुळे कोणते गिऱ्हाईक गेले? तुम्ही सगळे बाह्यरूपाविषयी बोलता, पण गेल्या काही वर्षांत या नकलांची कारागिरी कुठल्या कुठे गेली आहे. पूर्वी जाड केस, फिकट छपाई आणि तारखेवरचे नुसते नावाला असलेले भिंग यांवरून नक्कल दुरून ओळखता येत असे. आता नीलमणी काच असते, रोलेक्स वापरते ते ९०४एल पोलाद असल्याचा दावा असतो आणि आत रोलेक्सच्या ३१३५ मशीनची भागाला भाग जुळणारी प्रत असते. उद्योगातले हे कसब पाहण्यातच माझा अर्धा रस आहे.

आणि एक बोचरा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांच्या मॉड केलेल्या घड्याळावर सेइकोचे नाव छापलेली तबकडी आहे? ती तबकडी सेइकोने बनवलेली नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? मुकुट छापला तर पाप आणि सेइको छापले तर छंद, हे गणित मला उलगडून सांगा.

जुनी तबकडी

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. हा प्रश्न विचारायलाच हवा होता.

चिमटा आणि भिंग

मी घड्याळे दुरुस्त करतो, त्यामुळे या वादाकडे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहतो. ओबडधोबड, आपण कसबाची स्तुती केलीत ती अर्धी खरी आहे. बाहेरून दिसणारे कसब वाढले आहे. आत काय असते ते मात्र प्रत्येक घड्याळ उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि एकाच कारखान्याच्या दोन प्रतींत वेगवेगळा दर्जा निघतो.

मशीनची प्रत काढणे हे मुळात गैर नाही, हे आधी स्पष्ट करतो. ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ मशीनच्या रचनेवरचे हक्क संपल्यानंतर स्वित्झर्लंडच्या सेलिटाने एसडब्ल्यू२००-१ काढले, चीनमध्ये सीगल कंपनीचे एसटी२१३० आणि दुसऱ्या एका कंपनीचे पीटी५००० आले, आणि ही सगळी मशीन आपापल्या नावाने राजरोस विकली जातात. सीगलचे एसटी१९ हे क्रोनोग्राफ (थांबघड्याळाची सोय असलेले) मशीन तर स्वित्झर्लंडच्या व्हीनस १७५ची यंत्रसामग्री सीगलच्या तिएनचिनमधल्या कारखान्याने रीतसर विकत घेतल्यामुळे जन्माला आले. १९६१मध्ये चिनी हवाई दलासाठी सुरू झालेला तो प्रकल्प होता. तेव्हा प्रत म्हणजे कचरा असे मी म्हणणार नाही.

अडचण निराळी आहे. नकलेच्या मशीनवर पुष्कळदा आतल्या खऱ्या यंत्राला झाकणारी शोभेची पट्टी बसवलेली असते, म्हणजे पारदर्शक पाठीतून ते ३१३५ दिसावे आणि खाली मात्र २८२४ची साधी प्रत चालावी. त्या पट्टीमुळे जाडी वाढते, रोटरला (हाताच्या हालचालीने फिरून पिळ देणाऱ्या वजनाला) जागा अपुरी पडते, तो पाठीला घासतो आणि घासून निघालेला धातूचा कीस चाकांत उतरतो. तेल कुठे अजिबात नसते, तर कुठे नको तिथे पसरलेले असते. ज्यांना भागाला भाग जुळणारी प्रत म्हणतात तिच्यात मूळचा भाग कधी बसतो, कधी किंचित अडतो, आणि तो का अडला हे विचारायला कोणी उत्पादक जागेवर नसतो. मोडलेला एखादा भाग बदलण्यासाठी अख्खे दुसरे मशीन बळी द्यावे लागते. पोलाद ९०४एल आहे की इतरत्र वापरतात ते ३१६एल हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही. रोलेक्सने ९०४एल प्रथम १९८५मध्ये वापरले आणि त्यासाठी तिला यंत्रणा बदलावी लागली, यावरून घडवण्याच्या खर्चाचा अंदाज करावा.

पाण्याची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. तबकडीवर ३०० मीटर छापण्यासाठी फक्त शाई लागते. आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळांचे मानक छापलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबाखाली चाचणी मागते. नकलेची अशी चाचणी कोणी केलेली नसते. मला विचाराल तर कोणतीही नक्कल हात धुण्यापलीकडे पाण्यात नेऊ नये.

साक्षीपुरावा

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण यात गैरसमज फार आहेत. हा सल्ला समजू नये. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराचे कलम ६१ सांगते की व्यापारी प्रमाणावर जाणूनबुजून केलेल्या व्यापारचिन्हाच्या नकलेला सदस्य देशांनी फौजदारी शिक्षेची तरतूद केलीच पाहिजे. कलम ६० प्रवाशाच्या सामानातील किंवा लहान पार्सलमधील अव्यापारी, अल्प मालाला सीमाशुल्काच्या कारवाईतून वगळण्याची मुभा देशांना देते. पण ती मुभा आहे, सक्ती नाही, त्यामुळे एका देशात दुर्लक्षित राहणारी वस्तू दुसऱ्या देशात जप्त होऊ शकते. ओबडधोबड यांचे “मी विकत नाही” हे म्हणणे म्हणूनच कायद्यात बरेच वजनदार आहे. संग्रहातील एक नक्कल दुसऱ्याला देऊन त्याची घेतली की ते वजन कमी होऊ लागते, कारण देवाणघेवाण ही पैशांशिवायची विक्रीच मानली जाऊ शकते.

मॉडिंग करणाऱ्यांनी तीन निकाल लक्षात ठेवावेत. पहिला अमेरिकेतला: व्हॉर्टिक नावाची कंपनी हॅमिल्टन या घड्याळ कंपनीच्या जुन्या खिशातल्या घड्याळांची मशीन, तबकड्या आणि काटे दुरुस्त करून नव्या केसमध्ये मनगटी घड्याळे म्हणून विकत असे. तबकडीवर हॅमिल्टनचे नाव तसेच होते. तरीही दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२१मध्ये निकाल व्हॉर्टिकच्या बाजूने दिला, कारण जाहिरातीत आणि घड्याळाच्या पाठीवर हे घड्याळ कोणी आणि कशापासून बनवले ते स्वच्छ सांगितलेले होते आणि ग्राहकाचा गोंधळ होण्याची शक्यता सिद्ध झाली नाही. दुसराही अमेरिकेतलाच: रोलेक्सचे मूळ भाग आणि बाहेरचे भाग एकत्र करून, रोलेक्सचे चिन्ह कायम ठेवून घड्याळे विकणाऱ्या बेकरटाइम या व्यवसायाविरुद्ध पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२४मध्ये व्यापारचिन्हाचा भंग मान्य केला, रोलेक्सने दावा फार उशिरा केल्यामुळे नफ्याची रक्कम मात्र तिला मिळाली नाही. तिसरा स्वित्झर्लंडच्या संघराज्य न्यायालयाचा, जानेवारी २०२४चा: मालकाने स्वतःचे घड्याळ स्वतःच्या वापरासाठी कारागिराकडून बदलून घेतले तर ते चालते, पण बदललेले घड्याळ मूळ चिन्हासह परवानगीशिवाय बाजारात विकता येत नाही.

तिन्ही निकाल एकत्र वाचले तर असे दिसते की न्यायालयांना बदलाची फारशी चिंता नाही. बदललेली वस्तू बाजारात कोणत्या नावाने आणि कोणत्या खुलाशासह जाते याची आहे.

ओबडधोबड

साक्षीपुरावा, माहितीबद्दल आभार. देवाणघेवाणीचा मुद्दा मी या बाजूने पाहिला नव्हता. चिमटा आणि भिंग, शोभेच्या पट्टीविषयी वाद नाही. पण सेइकोच्या तबकडीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.

तिसरा काटा

घालतो. आपला आक्षेप योग्य आहे आणि माझ्या म्हणण्याशी तो विसंगत नाही. सेइकोने न बनवलेल्या तबकडीवर सेइकोचे नाव छापणे हे मुकुट छापण्याच्याच जातीचे आहे. फरक असलाच तर इतका की मशीन त्याच समूहाचे असल्यामुळे माणसाच्या मनाला ते खुपत नाही. म्हणूनच बिननावाची तबकडी घ्यावी, किंवा स्वतःचे चिन्ह करून घ्यावे, असे मी नव्या माणसाला सांगतो. बिननावाच्या तबकडीत एक सौंदर्यही असते: बाराच्या खालची रिकामी जागा भरून काढण्याचा मोह आवरला की काट्यांची प्रमाणबद्धता आणि खुणांची मांडणी यांकडेच लक्ष जाते, आणि एखादी रचना मुळात चांगली आहे की केवळ नावामुळे चांगली वाटते हे लगेच कळते. माझा अनुभव असा की पुष्कळ प्रसिद्ध रचना या कसोटीला उतरतात, आणि काही अजिबात उतरत नाहीत.

जेथे घड्याळ मुळात सेइकोचेच आहे आणि तबकडी मूळची आहे, फक्त काच, बेझल किंवा काटे बदलले आहेत, तेथे नाव राहू द्यावे. मात्र बदलांची यादी घड्याळाबरोबर जावी.

नवशिका

चर्चा वाचून बिननावाच्या तबकडीचे एक घड्याळ जुळवायचे ठरवले आहे. मशीन एनएच३५, केस एसकेएक्सच्या धाटणीची, चावी चारच्या जागी असलेली. दोन शंका आहेत. एक, काटे बसवताना तारीख बरोबर मध्यरात्री बदलावी यासाठी काय करतात? दोन, माझ्याकडे ईटीए २८२४साठी बनलेले काटे पडून आहेत, ते चालतील का?

चिमटा आणि भिंग

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी. दोन्ही मशीनांत तासाच्या काट्याचे भोक १.५० आणि मिनिटाच्या काट्याचे ०.९० मिलिमीटर असते, पण सेकंदाच्या काट्यासाठी एनएच३५ला ०.२० आणि २८२४ला ०.२५ मिलिमीटर लागते. म्हणजे तास-मिनिटांचे काटे सहसा बसतील, सेकंदाचा सैल राहील. तो चिमट्याने दाबून घट्ट करण्याच्या भानगडीत पडू नका. योग्य मापाचा नवा काटा घ्या.

आता तारीख. तबकडी बसवल्यावर दांडी आणि चावी मशीनमध्ये घाला, तासाचा काटा हलकेच ठेवा, आणि चावी वेळ लावण्याच्या जागी ओढून काटे पुढे फिरवत राहा. एनएच३५ची तारीख एका झटक्यात उडी मारत नाही, ती सरकत येते आणि शेवटी खिडकीत बसते. ती बसली त्या क्षणी थांबा, तासाचा काटा काढून तो नेमका बारावर बसवा, मग मिनिटाचा बारावर, आणि सगळ्यात शेवटी सेकंदाचा. त्यानंतर काटे पूर्ण चोवीस तास फिरवून पाहा. ते एकमेकांना, तबकडीला किंवा काचेला कुठे टेकत नाहीत ना, हे बाजूने भिंगातून तपासा. तासाचा काटा थोडा तिरका बसला तरी तो प्रत्येक फेरीत मिनिटाच्या काट्याला अडवेलच असे नाही. पण तीन, सहा, नऊ आणि बारा या चारही ठिकाणी त्याची जागा पाहिल्याशिवाय पाठ बंद करू नये.

चावी चारच्या जागी असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहा. मशीन केसमध्ये त्या कोनात फिरलेले असते, पण तारखेची खिडकी तीनलाच असते. तुमच्या मशीनमधली तारखेची चकती तीनच्या चावीसाठी छापलेली असेल तर आकडे खिडकीत वाकडे दिसतील किंवा कडेला जातील. चारच्या चावीची चकती वेगळी मिळते. तबकडीच्या मागचे पायही असेच: बऱ्याच बाहेरच्या तबकड्यांना चार पाय असतात आणि चावीच्या जागेनुसार त्यांतले दोन कापायचे असतात. कोणते दोन हे कोरडे बसवून पाहिल्याशिवाय कापू नका. कापलेला पाय परत येत नाही.

दांडी काढताना मशीनवरची सोडकळ फक्त हलकेच दाबायची असते. जोर लावला तर चावीमागची कळांची रचना जागा सोडते आणि ती पूर्ववत करण्यासाठी काटे, तबकडी आणि तारखेची बाजू सगळे उतरवावे लागते. घड्याळ तयार झाल्यावर रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख चटकन बदलण्याची कळ वापरू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात.

जुनी तबकडी

नवे घड्याळ जुळवणाऱ्यांना मी सोडून देतो. माझी चिंता जुन्या घड्याळांची आहे, कारण तेथे नक्कल आणि मॉडिंग यांची सरमिसळ सर्वांत महागात पडते. ओमेगाच्या १९५७च्या सुमाराच्या स्पीडमास्टर २९१५-१चे उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. तपकिरी पडलेल्या तबकडीचे ते घड्याळ नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले, आणि ते ओमेगाच्याच संग्रहालयासाठी घेतले गेले होते. २०२३मध्ये उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून रचलेले होते. त्यात काही माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीनेच सांगितले. त्यातला प्रत्येक भाग सुटा पाहिला तर कदाचित कोणाला खटकला नसता. खोटे होते ते त्या भागांनी एकत्र जन्म घेतल्याचे सांगणे.

शौकिनांच्या पातळीवर हेच लहान प्रमाणात रोज घडते. कोणी तबकडी नव्याने रंगवून घेतो, कोणी काट्यांवर नवा ल्यूम (अंधारात चमकणारा रंग) भरून त्याला चहाच्या पाण्यासारखा रंग देतो, आणि दोन मालकांनंतर ते घड्याळ “जसे होते तसे” म्हणून विकले जाते. पहिल्या माणसाने लपवले नव्हते, त्याने फक्त लिहून ठेवले नव्हते.

ल्यूमचा विषय निघाला म्हणून सांगतो: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या पुष्कळ तबकड्यांवर रेडियम आहे. रेडियम-२२६चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. त्या रंगातले चमकणारे झिंक सल्फाइड मात्र काही दशकांतच निकामी होते, त्यामुळे तबकडी अंधारात चमकत नाही म्हणून ती निर्धोक असे समजू नये. असा रंग घरी खरवडायचा नाही, त्याची धूळ श्वासात किंवा पोटात जाऊ द्यायची नाही. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचे असल्याने जुन्या ट्रिटियमच्या तबकड्या आता जवळपास विझलेल्या असतात. १९९०च्या दशकापासून वापरात आलेले ल्युमिनोव्हा आणि सुपर-ल्युमिनोव्हा हे किरणोत्सारी नाहीत, ते उजेड साठवून परत देतात. घरगुती मॉडिंगसाठी तेच वापरावे.

ओबडधोबड

जुनी तबकडी, मी विकत नाही हे खरे, पण माझ्यानंतर या नकला कोणाच्या हाती जातील याचा विचार करावा लागेल असे तुमच्या दुसऱ्या परिच्छेदावरून वाटते. माझ्या घरच्यांना त्यांतले खरे-खोटे कळणार नाही. पाठीच्या आतल्या बाजूला काही कोरून ठेवले तर चालेल का?

नकलांच्या कारागिरीविषयीचे माझे कुतूहल मात्र अबाधित आहे, आणि तबकडीवरचे नाव मला अजूनही तुमच्याइतके खुपत नाही. हे मतभेद राहू द्यावेत.

तिसरा काटा

राहू द्या. पाठीच्या आतल्या बाजूला कोरणे उत्तम, कारण पुढचा कोणताही दुरुस्ती करणारा ती उघडणारच. व्हॉर्टिकच्या निकालातही पाठीवरचे नाव हा एक मुद्दा होताच. जमत असेल तर तबकडी बदलून बिननावाची बसवा. केस आणि मशीन चांगले असेल तर ते घड्याळ त्यानंतर उजळ माथ्याने कोणालाही देता येईल.

देवाणघेवाणीसाठी मी कोणत्या गोष्टी मागतो तेही सांगतो. फार नाहीत. उघड्या पाठीचे स्वच्छ छायाचित्र, ज्यात मशीनवरचा क्रमांक किंवा चिन्ह वाचता येईल. बदललेल्या भागांची यादी आणि काढलेले मूळ भाग, जे शक्यतो घड्याळाबरोबरच यावेत. एसकेएक्स००७सारख्या बंद झालेल्या घड्याळाचे मूळ बेझल आणि काटे कित्येकदा मॉडपेक्षा अधिक मोलाचे ठरतात. आणि टाइमग्राफरचा (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा, पूर्ण पिळ दिल्यावरचा. तो देताना लिफ्ट अँगल (यंत्रात भरायचा मशीनचा ठरावीक कोन) किती ठेवला होता ते लिहावे, कारण एनएच३५साठी ५३ अंश आणि २८२४साठी ५० अंश धरतात. चुकीच्या अंशावर काढलेला अँप्लिट्यूडचा (तोलचक्राच्या झोक्याचा) आकडा दिसायला छान पण निरर्थक असतो. एनएच३५ची कारखान्याने मान्य केलेली चाल दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे, तेव्हा अधिक १५ दिसले म्हणून कोणी घासाघीस करू नये. घड्याळ अचानक मिनिटभर पुढे धावू लागले असेल तर आधी ते चुंबकित झाले आहे का ते पाहावे. चुंबकत्व घालवण्याचे साधे उपकरण बहुधा पुरते.

समोरचा यांतले काहीच देत नसेल, आणि घड्याळावर मोठे नाव असेल, तर मी सौदा करत नाही.

नवशिका

घड्याळ जुळले. तारीख बारा वाजून काही मिनिटांनी बसते, तेवढे चालेल असे वाटते. चारच्या चावीची चकती आधी बदलून घेतली, त्यामुळे आकडे सरळ आहेत. पाठ बंद करण्याआधी गॅस्केटवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) सिलिकॉन ग्रीस लावायचे असे वाचले. ते किती लावावे, आणि दाबाची चाचणी स्वतःची स्वतः करता येते का?

चिमटा आणि भिंग

ग्रीस इतकेच की गॅस्केट ओले दिसावे, त्यावर थर दिसू नये. जास्त झालेले ग्रीस पाठ आवळताना आत सरकते. चावीच्या नळीतले गॅस्केट विसरू नका, पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते. नवी काच बसवली असल्याने काचेभोवतीचे गॅस्केट सगळीकडे सारखे दबले आहे का तेही पाहा.

चाचणीसाठी हवेच्या दाबाखाली केसचा सूक्ष्म फुगवटा मोजणारे कोरडे यंत्र असते. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या. पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याचे जे हाताने दाब देण्याचे यंत्र मिळते ते घरी वापरता येते, पण त्यात घड्याळ आधी पाण्याच्या वर हवेतच दाबाखाली ठेवायचे असते, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू कमी करायचा. बुडबुडे येताना दिसले तर दाब पूर्ण उतरण्याआधीच ते पाण्याबाहेर काढायचे, नाहीतर आत शिरायला वाट मिळाली की पाणी ती सोडत नाही. पहिली चाचणी मशीन न घालता रिकाम्या केसची करा. निकाल काय येतो ते येथे लिहा, आणि तोच आकडा यादीत उतरवून ठेवा.